खाऱ्या सरोवरावरचे सीगल

समुद्र इथून हजारेक किलोमीटर लांब, आणि गाडीचं दार उघडताच कानावर आली ती सीगलचीच कर्कश हाक. अमेरिकेतल्या युटा राज्यात ग्रेट सॉल्ट लेक आहे. त्यातल्या अँटलोप बेटावर जायला सुमारे ११ किलोमीटरचा बांधावरचा रस्ता लागतो. तो ओलांडून आम्ही जूनमधल्या एका सकाळी किनाऱ्यावर उतरलो.

सीगल जमिनीकडे आले म्हणजे समुद्रात वादळ, असं मी आजवर धरून चालले होते. वादळाने ढकललेले समुद्रपक्षी आत येतात हे खरंच. पण हे कॅलिफोर्निया गल भरकटलेले नव्हते. ते घरटी इथेच करतात. हिवाळा आला की पॅसिफिकच्या किनाऱ्याकडे जातात. समुद्र त्यांचा हिवाळ्यापुरता!

इतक्या खारट पाण्यात मासे नाहीत, मग खातात काय? पाण्याच्या कडेला काळा पट्टा दिसत होता, त्या माश्या होत्या, लाखोंनी. एक सीगल चोच उघडी ठेवून त्या पट्ट्यातून सरळ धावत सुटला. माश्या उठत होत्या आणि चोचीत जात होत्या. अर्धा तास मी दुसरीकडे पाहिलंच नाही. पोटात जाणारं जास्तीचं मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथी गाळतात आणि ते नाकपुड्यांतून थेंबाथेंबाने बाहेर पडतं; म्हणून मध्येच मान झटकणं चालू होतं. १८४८ मध्ये इथल्या वसाहतीच्या पिकांवर किड्यांची धाड आली, ती याच पक्ष्यांनी खाल्ल्याची आठवण लोक अजून सांगतात. सॉल्ट लेक सिटीत त्यांचं स्मारकही आहे.

सकाळी वारा पडलेला होता, तेव्हा प्रत्येकाला पंख मारावे लागत होते. दुपारी सरोवरावरून वारा सुटला, उतारावर आपटून वर चढू लागला, आणि तेच पक्षी पंख न हलवता एका जागी तरंगत राहिले. काही तापलेल्या खडकांवरून उठणाऱ्या हवेत घिरट्या घेत ठिपक्याएवढे झाले.

चारच्या सुमारास पश्चिमेला ढग दाटले. उडणारे आता वाऱ्याला तोंड देत पाण्याला लागून जात होते. पृष्ठभागाशी घर्षणामुळे वारा मंदावतो, तिथे दमणूक कमी. मग तेही वाळूवर उतरले. सगळ्यांच्या चोची वाऱ्याकडे, म्हणजे पिसं विस्कटत नाहीत. आम्ही गाडीत बसलो तोवर वारा उत्तरेकडे सरकला होता, आणि ती अख्खी रांगही तिकडे वळली होती.