आमची वाटचाल : सीएसटी रोडचं गॅरेज आणि तीन सिलिंडरचं इंजिन

गॅरेज सुरू केलं 1992 साली, कुर्ल्याला सीएसटी रोडवर, चाचा आणि मी. चाचा माझे भागीदार, वयाने बरेच मोठे, आधी लेथवर काम करायचे. तेव्हा अर्धा धंदा पद्मिनीचा, ती गाडी बनायचीच इथे कुर्ल्यात. ठिणगीचे पॉइंट घासा, त्यांची गॅप लावा, कार्बोरेटर खोला, टॅक्सीवाले दारात उभे. पण माझा जीव जडला तो मारुती 800 वर. 796 सीसी, तीन सिलिंडर, बॉनेट उघडलं की सगळं हाताला लागतं. लोक तिला डबा म्हणायचे, मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो, कारण पाणी आणि ऑईल नीट ठेवलं तर हे इंजिन माणसाला दगा देत नाही, माझ्या डोळ्यासमोर चाललेल्या गाड्या आहेत.

चाचांची शिकवण एकच, आधी बघ मग पाना उचल. स्पार्क प्लग काढला की पहिला रंग बघायचा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर गाडी तब्येतीत. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. काळा पण ऑईलने ओला म्हणजे पिस्टनची रिंग नाहीतर व्हॉल्व्ह सील गेलं. पांढराफटक म्हणजे गरम चालतेय. आजकाल पोरं आधी बिघाड दाखवणारा स्कॅनर लावतात, लावा ना, पण प्लग पण बघा.

पहिली काही वर्षं काम भरपूर होतं, त्याबद्दल काय लिहायचं. मग रस्त्यापलीकडे एक मोठं गॅरेज उघडलं. काचेची केबिन, एसी, पॅकेज. आमची दोन पोरं जास्त पगारावर तिकडे नेली, त्यांना मी दोष देत नाही, घर सगळ्यांना चालवायचं असतं. पण त्या मालकाने आमच्या गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली की ते दोघं गाडी उगाच अडकवून ठेवतात. अडकवून! गरम झालेल्या गाडीचं हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, काढलं की ते पट्टी ठेवून तपासावं लागतं, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, वाकलं असेल तर फेसिंग करून सपाट करावं लागतं, मग बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने क्रमाने, दोन-तीन टप्प्यात, टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने आवळायचे. ते लोक पान्याला पाइप लावून एका दमात आवळायचे आणि संध्याकाळी गाडी देऊन टाकायचे. थोड्या दिवसांनी तीच गाडी ऑईल पाणी मिसळून दुधाळ झालेलं घेऊन आमच्याकडे.

आणि मग 26 जुलै 2005. सांताक्रूझला 24 तासात 944 मिलिमीटर पाऊस, मिठी नदी बाहेर आली, आमचा रस्ता गेला. गॅरेजमध्ये छातीएवढं पाणी. टायमिंग लाइट, कॉम्प्रेशन गेज, गिऱ्हाइकांच्या उभ्या गाड्या, सगळं चिखलात. आमचा विमा नव्हता, त्या काळी आमच्यासारख्या छोट्या गॅरेजवाल्यांमध्ये काढतं कोण. स्पेअरवाल्यांनी उधारी बंद केली. चाचांनी मला न विचारता स्वतःचा लेथ विकला आणि पैसे समोर ठेवले, तो लेथ गेला त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पलीकडे मात्र जोरात धंदा. बुडालेली गाडी आली की बाहेरची बॅटरी लावायची आणि सेल्फ मारायचा. पाणी दाबलं जात नाही हो! सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन संपलं. आणि विमावाले म्हणणार, हे पुराचं नुकसान नाही, तुम्ही चालू केली म्हणून झालं. किती मध्यमवर्गीय माणसं अशी बुडाली.

आमच्या पार्ल्याच्या बाई, शाळेत शिकवायच्या, पांढरी 800. गाडी कलिन्याला सीटपर्यंत बुडाली होती. पलीकडचा माणूस बॅटरी घेऊन हजर झाला तर बाई म्हणाल्या, "आमच्या मिस्त्रींनी बघितल्याशिवाय चावी देणार नाही." ढकलत आणली. बॅटरीची वायर काढली, तिन्ही प्लग काढले, पुलीला पाना लावून हाताने हळू फिरवलं, मधल्या सिलिंडरच्या भोकातून गढूळ पाणी उडालं. मग प्रत्येक भोकात लांब स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन किती वर येतो ते बघितलं. रॉड वाकला असेल तर तो पिस्टन खाली राहतो. तिन्ही सारखे आले, चाचांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ऑईल-फिल्टर बदलला, थोडी चालवून परत बदलला, टाकी धुतली, डिस्ट्रिब्युटर सुकवला, चालू झाली. बाईंनी शाळेतल्या सगळ्यांना सांगितलं, त्यांच्या गाड्या आल्या आणि गॅरेज उभं राहिलं. ती 800 आज त्यांची मुलगी चालवते.

आता एक सांगतोच, कोणी विचारलं नसलं तरी. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, काढून टाकू नका. मुंबईत निम्मे मेकॅनिक हेच करतात. इंजिन ठराविक तापमानावर चालायलाच बनवलंय, कायम थंड राहिलं तर पेट्रोल जास्त जातं, सिलिंडरवरचं ऑईल धुतलं जातं, रिंगा झिजतात. गरम का होते ते शोधा, रेडिएटर चोक आहे का, पंखा वेळेवर लागतो का, कॅप प्रेशर धरते का. नळाचं पाणी टाकू नका, कूलंट टाका. आणि अंधेरी ते कुर्ला सिग्नलवर उभी राहणारी गाडी किलोमीटर कमी दाखवते पण इंजिन तासन्‌तास चालू असतं, त्यामुळे ऑईल महिने मोजून बदला. जुनी कार्बोरेटरवाली असेल तर पेट्रोलचे रबरी पाइप एकदा बदलून घ्या, इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, चिरतं, वास आला तर थांबूच नका.

चाचा आता घरी असतात, शुक्रवारी नमाजनंतर चक्कर मारतात आणि पोरांनी काढलेले प्लग हातात घेऊन बघतात. टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हच्या गॅपचं, काम असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, गॅप थंड इंजिनवरच लावतो, सकाळी आणून तासाभरात करून द्या म्हणालात तर आम्ही नाहीच म्हणणार.