सरकारी कंपनी विकली की सुधारते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं पितळी बुशचं, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या पितळी नळकांड्यांचं, छोटं वर्कशॉप आहे. चहाला टेकलेला माणूस कधी ना कधी हा प्रश्न टाकतोच, आणि बहुतेकदा उत्तर घरून ठरवूनच आलेला असतो.

विकून सुधारली याचा पुरावा म्हणून जस्त काढणारी हिंदुस्थान झिंक पुढं येते. 2002 मध्ये सरकारनं 26 टक्के हिस्सा आणि कारभार स्टरलाइट या खासगी कंपनीकडं दिला, पुढं नफा कुठल्या कुठं गेला. खरं आहे. पण पितळेत तांब्याबरोबर जस्त पडतं, त्यामुळं त्या वर्षांतला भाव मी पेपरात नव्हे, बिलावर वाचलाय. लंडनच्या बाजारात 2002 ला टनामागं 800 डॉलरच्या आसपास असलेलं जस्त 2006 अखेर 4000 च्या वर गेलं. दिलेलं कोटेशन आठ दिवस टिकेना. मुशीतनं जस्ताचा पांढरा धूर निघाला की आमचा मिस्त्री म्हणायचा, "चालले बघा पैसे वर!"

अशा भावात खाण सरकारची असती तरी नफा वाढलाच असता. तेवढाच? नाही. राजस्थानातला चंदेरियाचा कारखाना नव्या मालकानं ज्या झपाट्यानं वाढवला, ते फाइल फिरवत झालं नसतं. पण नफ्यात मालकाचं किती आणि भावाचं किती, हे निवडल्याशिवाय मी टाळी देत नाही.

परदेशात फोन लावायच्या धंद्याचंही तसंच. तो चालवणारी सरकारी कंपनी विदेश संचार निगम 2002 मध्ये टाटांकडं गेली आणि त्याच वर्षी हा धंदा एकटीनं करायचा तिचा मक्ताही संपला. फोन स्वस्त झाले ते समोर दुसरी दुकानं उघडली म्हणून. मक्त्यासकट विकली असती, तर फक्त पाटी बदलली असती.

आणि न विकताही कंपनी मरते, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. शाहू महाराजांनी 1906 साली उभारलेली मिल शेवटी सरकारी महामंडळाकडं होती. 2003 मध्ये बंद पडली. माझे मामा तिथं मागावर होते. मिल खासगी झाली असती तर वाचली असती का, असं एकदा त्यांना विचारलं. पान जुळवत म्हणाले, "नव्या मालकानं आल्या आल्या माग बदलले असते, तर वाचली असती. पण भर गावातली एवढी जागा बघून तो मागाकडं बघतोय होय?"