इथेनॉलच्या दराचं निवेदन कसं वाचावं

पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलचा दर वाढवून मागताना साखर कारखान्यांच्या संघटना दिल्लीत हवामानाचं नाव घेतात, पण निवेदनाचा गाभा हिशोबात असतो. २०२२-२३ला उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, क्विंटलला ३०५ रुपये होती, २०२५-२६ला ३५५ झाली. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा दर मात्र या काळात लिटरला ६५.६१ रुपयांवरच राहिला. टनभर उसातून साधारण ७० लिटर इथेनॉल धरा: नुसता ऊसच लिटरमागे ५० रुपयांच्या वर जातो. हा मुद्दा रास्त आहे.

दराला मंजुरी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीची, खरेदी तेल कंपन्यांची. पण खरी अडचण अन्न मंत्रालयात. साखर महागायची भीती वाटली की डिसेंबर २०२३सारखी रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी येते. म्हणून निवेदनाला साखरसाठ्याचा तक्ता जोडलाच पाहिजे. आणि उसाला लागणारं पाणी? ते निवेदनात नसतं, याचा मला राग येतो.