क्लबच्या विमानाची चेकलिस्ट नव्याने लिहिताना : माझा अनुभव

आमच्या फ्लाइंग क्लबकडे सेसना १७२ जातीची छोटी विमानं दोन आहेत. एक जुनं ‘एन’ मॉडेल, कार्ब्युरेटरवालं. दुसरं ‘एस’, फ्युएल इंजेक्शनचं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, आणि बहुधा म्हणूनच दोन्हींच्या दाराच्या कप्प्यात एकच लॅमिनेट केलेलं कार्ड असायचं. कार्ड ‘एन’चं. म्हणजे ‘एस’मध्ये बसलेल्याला ते कार्ब हीट, म्हणजे बर्फ होऊ नये म्हणून कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय, तपासायला सांगणार, जी त्या विमानात मुळात नाहीच. रन-अप, म्हणजे उड्डाणाआधी जमिनीवर थांबून घ्यायची इंजिनची चाचणी, १७०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) लिहिलेला, ‘एस’ला तो १८०० वर करायचा असतो. इंजिन बंद पडल्यावर धरायचा वेग ६५ नॉट, ‘एस’साठी ६८. सगळ्यांत वाईट म्हणजे इंधन काढून बघायच्या जागा कार्डावर तीन. ‘एस’ला त्या तेरा आहेत, दोन्ही पंखांखाली पाच-पाच आणि पोटाखाली तीन. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशीच बसतं. दहा जागा न बघता उड्डाण झालं तर त्या कार्डाचा उपयोग काय?

आणि एक ओळ ‘आपल्याला लागू नाही’ म्हणून ओलांडायची सवय लागली, की लागू असलेली ओळही तशीच ओलांडली जाते. माझा खरा राग याच गोष्टीवर होता.

नवी चेकलिस्ट लिहिणं तसं सोपं. त्या त्या विमानाच्या सीरियल क्रमांकाचं फ्लाइट मॅन्युअल घ्यायचं आणि त्याच्या मागची पुरवणी पानं विसरायची नाहीत. नंतर बसवलेला ऑटोपायलट, बदललेला प्रॉपेलर, सगळं तिथे असतं. मॅन्युअलमधली बाब गाळायची नाही. भर घातली तर चालते.

घोडं अडलं ते सहीपाशी. इन्स्ट्रक्टर म्हणाले देखभालवाल्यांनी आधी बघावं, देखभालवाले म्हणाले हा उड्डाणाचा विषय, कार्यालय म्हणालं दोघांच्या सह्या आणा. महिनोन्‌महिने कागद फिरत राहिला, आणि तोवर जुनं कार्ड विमानात तसंच. प्रत्येक आक्षेप एकाच भागावर होता : टेकऑफच्या आधीची यादी. “अहो, लायसन्स असलेल्या माणसाला हे काय लिहून द्यायचं?” हे वाक्य मला इतक्या वेळा ऐकावं लागलं, की या भागातल्या प्रत्येक ओळीचं कारण इथे देतो.

पहिला वाद फ्युएल सिलेक्टरचा, म्हणजे कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणाऱ्या खटक्याचा. जुन्या कार्डावर तो रन-अपनंतर होता. मी तो आधी घेतला, आणि ‘एन’च्या मॅन्युअलमध्येही तो आधीच आहे. कारण साधं आहे : ज्या टाकीवर उडायचं त्याच टाकीवर रन-अप झाला पाहिजे. सिलेक्टर नंतर फिरवला, तर नळीत उरलेल्या इंधनावर इंजिन छान चालतं आणि नव्या टाकीतलं पाणी किंवा अडथळा चाकं जमीन सोडल्यावर कळतो. सेसना १७२ मध्ये ‘दोन्ही’ असा पर्याय आहे म्हणून हे थोडं खपून जातं. खाली पंख असलेल्या पायपरसारख्या विमानांत डावी किंवा उजवीच टाकी निवडावी लागते. तिथे रन-अपच्या आधी टाकी ठरवा आणि सुरक्षित उंची गाठेपर्यंत सिलेक्टरला हात लावू नका.

दुसरा वाद ‘चेक’ या उत्तराचा. मॅग्नेटो म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र. ती दोन असतात, आणि किल्लीने एकेक बंद करून आरपीएम किती उतरतात ते बघायचं असतं. ‘मॅग्नेटो – चेक’ अशी ओळ असली की माणूस किल्ली डावी-उजवी फिरवतो, आवाज थोडा बदललेला ऐकतो आणि पुढे जातो. मी लिहिलं : ‘एन’साठी १७०० वर घट प्रत्येकी १२५ पर्यंत, दोहोंतला फरक ५० पर्यंत, ‘एस’साठी १८०० वर घट १५० पर्यंत, फरक तोच ५०. त्याखाली आणखी एक ओळ, जिच्यावर सर्वांत जास्त खळखळ झाली : ‘घट शून्य – उड्डाण नाही’. काट्याने अजिबात खाली न येणं पुष्कळांना इंजिन उत्तम असल्याची खूण वाटते. बहुतेक वेळा ती मॅग्नेटोची अर्थिंगची तार तुटल्याची खूण असते. असा मॅग्नेटो किल्ली बंद केली तरी जिवंत राहतो, आणि हँगरमध्ये कुणी प्रॉपेलर हाताने फिरवला तर इंजिन उसळू शकतं. कार्ब हीटचंही तसंच. नॉब ओढल्यावर आरपीएम थोडे उतरलेच पाहिजेत. उतरले नाहीत तर गरम हवा पोचतच नाही. उतरून मग आपोआप चढू लागले, तर कार्ब्युरेटरमध्ये बर्फ होता असं समजा आणि धावपट्टीवर थांबावं लागलं तर पुन्हा तपासा.

तिसरी ओळ कंट्रोल्सची, म्हणजे विमान वळवणाऱ्या आणि वर-खाली नेणाऱ्या हलत्या भागांची, आणि या ओळीवर मी एक अक्षरही मागे घेतलं नाही. ३० ऑक्टोबर १९३५ ला राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ कोसळलं ते कंट्रोल लॉक (उभ्या विमानाचे कंट्रोल्स हलू नयेत म्हणून लावलेली खीळ) न काढल्यामुळे. वैमानिकांच्या लेखी चेकलिस्ट रूढ झाल्या त्याच अपघातापासून. आणि ३१ मे २०१४ ला अमेरिकेत बेडफर्डला एक गल्फस्ट्रीम जेट त्याच कारणाने धावपट्टी ओलांडून गेलं, सातही जण गेले. तपासात निघालं, की त्या वैमानिकांनी आधीच्या १७५ टेकऑफपैकी ९८ टक्के वेळा कंट्रोल्सची पूर्ण तपासणी केलीच नव्हती. कसलेले व्यावसायिक वैमानिक होते ते. मग ‘लायसन्स असलेल्याला कशाला’ या वाक्यात काही दम उरतो का?

आमच्या कार्डावर आता ‘मोकळे’ आणि ‘योग्य दिशेने’ अशा दोन वेगळ्या ओळी आहेत. नुसतं मोकळं असून भागत नाही. देखभालीत केबल उलटी जोडली गेली तरी योक, म्हणजे वैमानिकासमोरचं चाक, मोकळंच फिरतं. योक दोन्ही हातांनी धरा, अंगठे वर ठेवा. डावीकडे फिरवलं की अंगठे ज्या बाजूला झुकतात त्याच बाजूचं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची झडप) वर उठलेलं दिसलं पाहिजे. मान वळवून बघा, दोन्हीकडे. योक मागे ओढल्यावर एलेव्हेटरची (शेपटीवरच्या आडव्या झडपेची) मागची कड वर गेली पाहिजे. हे सगळं पुरतं अर्ध्या मिनिटात होतं.

शेवटचा वाद यादीच्या लांबीचा. आधी ती सलग एक होती. मी तिचे तीन तुकडे केले : रन-अपच्या आधी, रन-अप, धावपट्टीच्या तोंडाशी. कारण व्यत्यय येतोच. टॉवर बोलतो, शेजारचा प्रवासी काही विचारतो, आणि परत कार्डाकडे बघताना डोळा ज्या ओळीवर पडतो ती आपण केलेली असते असं मन ठामपणे सांगतं. म्हणून नियम असा : वाचत असलेल्या ओळीवर अंगठा, आणि मध्ये कुणी बोललं तर त्या तुकड्याच्या पहिल्या ओळीपासून पुन्हा. सात-आठ ओळींचा तुकडा असेल तर माणूस हे करतो. तीस ओळी असतील तर नाही करत.

एकट्याने उडवताना आधी हाताने ठरलेल्या क्रमाने सगळं करून घ्या, उदाहरणार्थ जमिनीकडून पॅनेलकडे, डावीकडून उजवीकडे, आणि मग कार्ड वाचून पडताळा. इंजिन सुरू करणं मात्र ओळ वाचून ओळ करण्याचं काम आहे. सुरू करण्याआधी इंधन आत ढकलायला ‘एन’ला हाताचा प्राइमर आणि ‘एस’ला विजेचा ऑग्झिलरी पंप असल्याने तिथे हाताची सवय दगा देते. आणीबाणीत उलटं : आधी वेग धरा, जागा निवडा, सिलेक्टर, मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण), ‘एन’मध्ये कार्ब हीट, किल्ली हे तोंडपाठ करून घ्या, कार्ड त्यानंतर, उंची असेल तरच.

छपाईबद्दल एक गोष्ट मला उशिरा सुचली. चकचकीत लॅमिनेशन उन्हात वाचता येत नाही, मॅट घ्या. आणि अक्षर इतकं मोठं ठेवा, की कार्ड मांडीवर असताना मान खाली खुपसावी लागू नये.

सही अखेर झाली, एकही आकडा न बदलता. तेव्हा फार बरं वाटलं. आता ‘एन’चं कार्ड पिवळं, ‘एस’चं निळं, वर विमानाचा नोंदणी क्रमांक ठळक आणि खाली कोपऱ्यात मॅन्युअलच्या आवृत्तीची तारीख. जुनी कार्डं मात्र नुसती विमानातून काढून चालत नाही. लोकांच्या बॅगांत झेरॉक्स असतात, फोनमध्ये फोटो असतात. नवं कार्ड हातात देताना जुनं मागून घ्या, फोनमधला फोटो समोर पुसायला लावा, आणि मॅन्युअलला नवं पान आलं की त्याच दिवशी कार्डही बदला.