आठ अंडी, चार पिल्ले: यंदाच्या उबवणीची नोंद

यंदा माझ्या बॉल पायथन (आफ्रिकेतला एक लहान अजगर) मादीने एप्रिलच्या सुरुवातीला आठ अंडी घातली आणि जूनच्या सुरुवातीला त्यांतून चार पिल्ले बाहेर आली. निम्मी अंडी जाणे ही अजगर पाळणाऱ्यांच्या दृष्टीने अघटित गोष्ट नाही. मात्र गेलेली चारही अंडी एकाच कारणाने गेली नाहीत. अंडे कोणत्या टप्प्यावर गेले हे पाहिल्याखेरीज पुढच्या हंगामात नेमके काय बदलायचे ते ठरवता येत नाही, म्हणून ही नोंद थोडी सविस्तर लिहीत आहे.

नव्याने या छंदात येणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगते. बॉल पायथन हा परदेशी प्राणी साईट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मध्ये 2022 साली झालेल्या दुरुस्तीनंतर तो चौथ्या अनुसूचीत येतो. त्यामुळे तो बाळगणाऱ्याला केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि पिल्लांचा जन्म तसेच प्राण्याचा मृत्यूही कळवावा लागतो. आपला भारतीय अजगर पहिल्या अनुसूचीत असल्याने तो घरी पाळण्याचा प्रश्नच येत नाही.

आठांपैकी एक अंडे पहिल्याच दिवशी वेगळे कळले. बाकीची पांढरीशुभ्र, टम्म आणि एकमेकांना घट्ट चिकटलेली होती, तर हे लहान, पिवळट आणि मेणचट दिसत होते. अंधारात टॉर्च लावून पाहिल्यावर निरोगी अंड्यात गुलाबी उजेड आणि लाल शिरांचे जाळे दिसते. या अंड्यात नुसता पिवळा उजेड होता. अशा वांझ अंड्याला आपल्याकडेही सगळे स्लग म्हणतात. ते गठ्ठ्याच्या कडेला होते आणि सहज सुटले म्हणूनच काढले. मधोमध चिकटलेले वांझ अंडे ओढून काढू नये, कारण त्या ओढाताणीत शेजारच्या अंड्याचे चामट कवच फाटते. बुरशी आली तरी जिवंत अंडी बहुधा तिला दाद देत नाहीत.

अंड्यांच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने खूण करून गठ्ठा जसा होता तसाच डब्यात ठेवला. कोंबडी आपली अंडी चोचीने उलटीपालटी करते, त्यामुळे अनेकांना सापाची अंडीही फिरवावीशी वाटतात. पण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यात गर्भ लवकरच कवचाच्या आतल्या बाजूला एका जागी स्थिरावतो आणि त्यानंतर अंडे उलटे झाले तर तो दगावू शकतो. डब्यात तळाशी ओले परलाईट (पाणी धरून ठेवणारे हलके पांढरे खडे), त्यावर प्लॅस्टिकची जाळी आणि जाळीवर अंडी, अशी माझी मांडणी आहे. डब्यात दमटपणा पुरेपूर राहतो, पण अंड्यांना पाणी लागत नाही. झाकणावर साचलेले थेंब अंड्यांवर टपकू नयेत म्हणून डबा किंचित कलता ठेवते.

खरी अडचण पुण्याच्या उन्हाळ्याची आहे. बॉल पायथनची अंडी 31 ते 32 अंश सेल्सिअसला साधारण 55 ते 60 दिवसांत उबतात. परदेशी छंदिष्टांनी लिहिलेले जवळपास सगळे मार्गदर्शन खोली थंड आहे असे गृहीत धरते. त्यांची उबवणपेटी फक्त तापवते आणि थर्मोस्टॅट फक्त तापवणे थांबवतो. शेवटच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मे महिन्यात दुपारी खोलीच 37 अंशांवर गेली की थर्मोस्टॅट हीटर बंद करून निमूट बसतो आणि पेटी खोलीच्या मागोमाग तापत जाते. तापमान दोन-तीन अंशांनी कमी राहिले तर पिल्ले उशिरा येतात, एवढेच. 34 च्या वर टिकून राहिले तर मणक्यात बाक, अपुरी वाढ आणि अंड्यातच मृत्यू यांचा धोका झपाट्याने वाढतो. त्यामुळे आपल्याकडे थंडीपेक्षा उष्णतेची तजवीज आधी करावी लागते.

तिसऱ्या आठवड्यात एका अंड्यातल्या शिरा फिकट होऊन तुटक दिसू लागल्या आणि पुढच्या तपासणीत त्यांच्या जागी एक तपकिरी कडे उरले. काही दिवसांत ते अंडे खारकेसारखे सुरकुतले. इतक्या लवकर गेलेल्या गर्भाचा दोष मी उबवणीला देत नाही, कारण शेजारची अंडी त्याच हवेत, त्याच उबेत उत्तम वाढत होती. असे एखादे अंडे बहुतेक हंगामांत जातेच आणि त्याच्यापायी पेटीतली मांडणी बदलणे हा उरलेल्या अंड्यांवर अन्याय ठरतो.

मेच्या मध्यावर भरदुपारी वीज गेली आणि ती संध्याकाळपर्यंत आली नाही. इन्व्हर्टरवर पंखा चालू होता, पण पंखा गरम हवाच फिरवतो. पेटीत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवलेल्या असतात, त्यांच्यामुळे तापमान एकदम उसळले नाही. तरीही ते हळूहळू चढत गेले, तेव्हा त्यांतल्या निम्म्या बाटल्या काढून माठातल्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि अर्ध्या तासाने त्या पुन्हा बदलल्या. फ्रिजमधले पाणी किंवा बर्फ मी मुद्दाम टाळते, कारण अंड्याच्या एका अंगाला बसलेला गारठाही बरा नसतो. डब्याच्या मध्यावरचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारे टोक, 33 च्या पुढे गेला नाही, मात्र पश्चिमेच्या भिंतीकडील कोपऱ्यातला दुसरा तापमापक 35 दाखवत होता. प्रोब दोन ठिकाणी हवेत, असे मी म्हणते ते यासाठीच.

शेवटच्या दोन आठवड्यांत अंड्यांना खळगे पडले. हे स्वाभाविक आहे. त्यावर पाणी शिंपडू नये. या काळात पिल्लाची प्राणवायूची गरज वाढलेली असते, म्हणून एक दिवसाआड झाकण उघडून डब्यातली हवा बदलत होते. मग एका सकाळी एका अंड्याला चीर दिसली आणि चिरेतून चिकट द्रवाने माखलेले नाक बाहेर आलेले होते. पिल्लू नाकाच्या टोकावरील अंडदंताने कवच कापते, पण लगेच बाहेर येत नाही. उरलेला बलक पोटात ओढून घेत दिवस-दोन दिवस आतच बसते. तोवर त्याला हात लावू नये, हा नियम ऐकायला सोपा आणि पाळायला महाकठीण आहे.

पहिल्या चिरेनंतर दीड दिवसाने चार अंडी फुटली होती आणि दोन तशीच होती. त्यांच्या माथ्यावर शिरा टाळून बारीक कात्रीने छोटी खिडकी केली. दोन्ही पिल्ले पूर्ण वाढलेली आणि मृत होती. रंग भरलेले, खवलेन् खवले घडलेले पिल्लू असे हाती येते तेव्हा त्या दिवशी दुसरे काही सुचत नाही, आणि ज्यांना सुचते त्यांचा मला हेवा वाटतो. तरीही ती अंडी तशीच टाकून देऊ नयेत. एका पिल्लाने बलक जवळजवळ संपवला होता आणि शरीर निर्दोष होते. फक्त त्याचे डोके वेटोळ्याखाली, अंड्याच्या तळाकडे वळलेले होते, म्हणजे ते चीर पाडायच्या बेतात असताना गेले असावे. दुसऱ्याच्या पाठीत दोन ठिकाणी बाक होता आणि बलक बराच शिल्लक होता. हे दुसरे अंडे पश्चिमेच्या कोपऱ्यातले होते. काही रंगप्रकारांत, विशेषतः कॅरॅमल अल्बिनो आणि सुपर सिनॅमनमध्ये, मणक्याचा बाक वंशातूनच येतो. माझी मादी साध्या रंगाची आणि नर पेस्टल या रंगप्रकाराचा असल्याने मला येथे उष्णतेचाच संशय अधिक आहे.

पहिल्या पिल्लाच्या मृत्यूवरून कोणी म्हणेल की पन्नासाव्या दिवशीच सगळी अंडी कापावीत. मला ते पटत नाही. लवकर कापलेल्या अंड्यातून बलक शोषण्याआधीच बाहेर पडलेले पिल्लू हा त्याहून मोठा घोर असतो. मात्र पहिल्या चिरेनंतर दीड दिवसाऐवजी एका दिवसाने खिडकी करावी, इतका बदल मी नक्की करणार आहे.

जगलेल्या चारांपैकी एक बेंबीशी वाटाण्याएवढा बलक घेऊन बाहेर आले. तो बलक न ओढता, न कापता, पिल्लाला ओल्या टिश्यूपेपरवर बंद डब्यात ठेवले. बलक आपोआप सुकून गळाला. सर्वांनी पहिली कात टाकली असून तिघे खात आहेत. चौथे अजून तोंड फिरवते. वजन उतरलेले नसल्याने त्याला बळजबरीने भरवलेले नाही. डबा लहान केला आहे, लपायला जागा अधिक घट्ट दिली आहे आणि पुढचा प्रयत्न रात्री उशिरा करणार आहे.

अंडी घालण्याच्या काळात मादी उपाशी होती, तिचे वजन अजून भरून आलेले नाही, त्यामुळे येत्या हिवाळ्यात तिची जोडी लावणार नाही. त्या वेळात थंड आणि गरम दोन्ही करणारी पेल्टिअर पद्धतीची पेटी घ्यायची आहे. ती महाग पडते आणि विजेविना तीही निकामीच, म्हणून पाण्याच्या बाटल्या तिच्यातही राहतील.