टिकल्यांचे आलेख आणि आठवीचा वर्ग

आठवीतल्या मुलांना सरासरी पटकन जमते. बेरीज, भागाकार, उत्तर. पण ‘ही माहिती दिसते कशी?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो. म्हणून यंदा सांख्यिकीच्या धड्याआधी मी माहितीच्या आकारांवर बोलायचं ठरवलं.

पहिला प्रश्न वर्गातलाच: घरून शाळेत यायला किती मिनिटं लागतात? भिंतीवर मोठा कागद, त्यावर संख्यारेषा, आणि प्रत्येकाने आपल्या मिनिटांवर एक टिकली चिकटवायची. (कपाळावर लावतात तीच टिकली. पाकीट स्वस्त मिळतं.) पाच ते पंधराच्या मध्ये टिकल्या एकावर एक चढल्या. वाडीवरून एसटीने येणाऱ्यांच्या टिकल्या मात्र पन्नासपर्यंत विरळ पसरल्या. “डोंगर झाला,” पोरं म्हणाली. मी पुढे विचारत राहिले. ढीग कुठे आहे? शेपूट कोणत्या बाजूला? मध्ये मोकळी जागा आहे का? एकटी टिकली कोणाची?

इथे एक अडचण दरवेळी येते. शेपूट उजवीकडे असेल तर आलेख उजवीकडे झुकलेला म्हणतात, पण मुलांना डावीकडचा ढीग दिसतो आणि ती ‘डावीकडे’ म्हणतात. नियम पाठ करून घेण्यात मला अर्थ वाटत नाही. मी त्यांना दोन्ही टोकांकडून एकेक टिकली मोजत मधली टिकली शोधायला लावली. मध्यक, म्हणजे ही मधली किंमत, नववीत येतो, पण एवढं आठवीलाही सहज जमतं. मधली टिकली १२ मिनिटांवर निघाली, सरासरी मात्र १७. एसटीवाल्या थोड्या टिकल्यांनी सरासरीला आपल्याकडे ओढलं होतं. मग कोणती बाजू, हा वाद उरला नाही.

पुढचा आलेख माझा सगळ्यात आवडता. मुलांनी घरच्या आजी-आजोबांच्या आधार कार्डावरचा जन्ममहिना लिहून आणला. जूनवर एवढ्या टिकल्या आल्या की कागद कमी पडला, आणि तारीख विचारली तर जवळपास सगळ्यांची १ जून! मुलांनी घरी चौकशी केली. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसायची, मग गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची १ जून लिहायचे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदाच १९६९चा. म्हणजे तो ढीग जन्मांचा नव्हता, नोंद करण्याच्या पद्धतीचा होता.

त्यावर एकीने विचारलं, “मग विचित्र दिसतं ते खोटंच असतं का?” मी २६ जुलै २००५चा मुंबईतला पाऊस सांगितला. १० मिलिमीटर पावसाला एक सेंटिमीटर धरून दोन टिकल्या लावल्या. कुलाब्याची, सुमारे ७४ मिलिमीटर, सातव्या सेंटिमीटरच्या जरा पुढे बसली. सांताक्रूझची, ९४४ मिलिमीटर, थेट चौऱ्याण्णवच्या पुढे. ती एकटी टिकली पूर्ण खरी होती. ती पुसून काढली, तर त्या दिवशी शहरात काय झालं हेच कळणार नाही.

आता मुलं वहीत नुसतं ‘डोंगर’ लिहीत नाहीत. ‘बहुतेकांना १५ मिनिटांच्या आत पोचता येतं, उजवीकडे लांब शेपूट आहे कारण वाडीची मुलं एसटीने येतात,’ असं वाक्य येतं. कारण लिहिलं नाही तर मी वही परत देते.

पुढच्या आठवड्यात घटक चाचणीच्या गुणांचा आलेख काढायचा आहे, नावांशिवाय. त्यात दोन ढीग निघाले, तर उजळणीचे तास मी दोन गटांत घेणार आहे.