टीआय-८४ वर प्रोग्रामिंग, आणि एका केबलसाठी शाळेत घातलेले हेलपाटे

बाबांच्या नोकरीमुळे आम्ही न्यू जर्सीला आलो आणि हायस्कूलमध्ये शाळेने हातात टीआय-८४ प्लस दिला, म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा आलेख काढणारा, प्रोग्राम लिहिता येणारा कॅल्क्युलेटर, वर्ष संपलं की परत करायच्या बोलीवर. पुण्यात शाळेच्या परीक्षेला कॅल्क्युलेटर नेला असता तर बाईंनी जप्त केला असता, इथे तो विसरलं की ओरडा.

प्रोग्रामिंग शिकणं तसं सोपं गेलं. प्रोग्रामचं बटण, न्यू, आठ अक्षरांत बसेल असं नाव, झालं. वर्गातल्या बहुतेकांसारखा माझाही पहिला प्रोग्राम वर्गसमीकरण सोडवायचा. प्रॉम्प्ट या कमांडने ए, बी, सी विचारायचे, बी वर्ग वजा ४एसी डी नावाच्या चलात ठेवायचं, पुढे सूत्र. एक सांगते, भागिले २ए लिहिताना २ए कंसात घाला, नाहीतर हे मशीन आधी २ ने भागतं आणि मग ए ने गुणतं, आणि ए जर १ असेल तर उत्तर बरोबरच येतं त्यामुळे गडबड कळतसुद्धा नाही.

मग मी सापाचा गेम लिहायला घेतला आणि तिथून खरा वैताग. आमच्या मॅथच्या टीचर टेस्टच्या आधी बाकाबाकावर फिरून प्रत्येकाची मेमरी रीसेट करायच्या. नुसती रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, उडवली असती तर चाललं असतं, कारण प्रोग्राम आर्काइव्हमध्ये, म्हणजे साठवणीच्या वेगळ्या मेमरीत, टाकला की तो रॅम रीसेटमधून वाचतो (तुमच्याकडे फक्त रॅमच उडवत असतील तर हेच करा, चालवायच्या आधी अनआर्काइव्ह करायला लागतं एवढंच). पण या बाई थेट ऑलवर जायच्या. सगळं साफ. वहीत उतरवून ठेवलेलं परत टाइप करायचं, आणि इथे टाइप म्हणजे इफ, देन हे शब्द अक्षरं जोडून लिहिलेले चालत नाहीत, प्रत्येक कमांड मेनूत जाऊन शोधायची. कोणतं बटण दाबलं ते सांगणाऱ्या गेटकी कमांडचे आकडे, डावीकडे २४, वर २५, उजवीकडे २६, खाली ३४, अजून झोपेत विचारलं तरी सांगीन.

उपाय एकच, कॉम्प्युटरवर बॅकअप. त्यासाठी केबल हवी म्हणून शाळेच्या टेक ऑफिसात गेले. तर म्हणे कॅल्क्युलेटर लोनवर मिळतो, केबल त्यात येत नाही, फॉर्म भर. भरला. मग पालकांची सही हवी. आणली. मग टीचरची सही हवी, आणि टीचर म्हणाल्या हे माझ्याकडे नाही, ऑफिसला विचार. ऑफिसातला माणूस मान वर न करता म्हणायचा, तुझी रिक्वेस्ट सिस्टिममध्ये आहे. कोणती सिस्टिम देव जाणे. आणि वर बजावलं की कंपनीचीच केबल लागते, दुसरी लावायची नाही. मधल्या काळात अजून टेस्ट, अजून रीसेट, साप परत मेला.

एका रविवारी बाबा कॅमेऱ्यातले फोटो उतरवत होते, मी त्या केबलचं टोक बघितलं, कॅल्क्युलेटरच्या वरच्या भोकात घातलं, आणि बसलं! साधी मिनी यूएसबी. टीआय कनेक्ट हे कंपनीचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतं, ते टाकलं, प्रोग्राम ओढून कॉम्प्युटरवर ठेवला, चहा व्हायच्या आत काम संपलं. बाबा म्हणाले, "अगं, मग आधी का नाही सांगितलंस?" काय बोलणार! ऑफिसचं उत्तर नंतर आलं, केबल उपलब्ध नाही.

आता याचंच रंगीत स्क्रीनचं मॉडेल, सीई, मिळतं, २०२१ पासून त्यात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा चालणारंही आहे, पण मेमरी अजून तशीच रीसेट होते, तेव्हा पहिला प्रोग्राम लिहायच्या आधी केबल शोधा, मायक्रो नाही, मिनी.

आणि हो, प्रोग्राम चालवताना स्क्रीनवर एरर सिंटॅक्स आलं की खालच्या पर्यायांतला क्विट नका करू, गोटू दाबा, कर्सर चुकीच्या जागेवर जातो. बहुतेक वेळा भानगड वजाच्या चिन्हाची असते. ऋण संख्येचं बटण खाली एंटरच्या शेजारी, वजाबाकीचं वेगळं.